आपल्या विषयाबाहेरचा शोधनिबंध कसा वाचावा

मी वनस्पतिशास्त्राची. एमएस्सीला शेवाळांवर काम केलं आणि त्यानंतरची वर्षं एका मराठी नियतकालिकाचं विज्ञानाचं पान भरण्यात गेली. त्या पानावर एका अंकात गुरुत्वलहरी, पुढच्यात सिमेंट, त्याच्या पुढच्यात गिधाडं. शेवाळाची पाळी क्वचितच येते. म्हणजे जे शोधनिबंध वाचून मी लिहिते, ते जवळपास सगळे परक्या विषयांतले. त्यांतलं गणित बऱ्याचदा डोक्यावरून जातं. तरीही यांनी नेमकं काय केलं आणि त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, एवढं बाहेरच्या माणसालाही ठरवता येतं. त्याची माझी रीत इथे सांगते. विज्ञानाचे शिक्षक, प्रोजेक्टसाठी पहिल्यांदाच निबंध उघडणारी कॉलेजची मुलं आणि ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय’ असले निरोप वाचून वैतागलेली मंडळी, यांना तिचा उपयोग व्हावा.

आधी मूळ निबंध मिळवा

बातमी म्हणजे निबंध नव्हे, आणि विद्यापीठाचं प्रसिद्धीपत्रक तर नव्हेच नव्हे. बऱ्या बातमीत कुठेतरी नियतकालिकाचं नाव किंवा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक, असतो. दोन्ही नसतील तर मी ती बातमी तिथेच सोडते. डीओआय मिळाला की तो शोधपट्टीत टाकायचा. निबंध पैसे मागत असेल तर गूगल स्कॉलरवर त्याच शीर्षकाच्या इतर आवृत्त्या पाहायच्या. लेखकांनी स्वतःच्या संस्थेच्या साठ्यात ठेवलेली फुकट प्रत पुष्कळदा सापडते. भौतिकशास्त्र, गणित, संगणक या विषयांतलं बरंचसं काम आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीची प्रत, म्हणून असतंच. सरकारी विद्यापीठात शिकत असाल तर जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेमुळे हजारो नियतकालिकं उघडली आहेत, तेव्हा ग्रंथपालांना जाऊन भेटा. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान अकादमीची ‘साधना’, ‘प्रमाण’, ‘रेझोनन्स’ ही नियतकालिकं त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांनाच मोकळी आहेत. पीएचडीचे प्रबंध हवे असतील तर शोधगंगा हे संकेतस्थळ.

फुकट मिळतो म्हणून कुठल्याही ‘इंटरनॅशनल जर्नल’मधला निबंध उचलू नका. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, असा धंदा करणारी नियतकालिकं आपल्याकडे उदंड आहेत. अनोळखी नियतकालिकाचा विषय एकच असावा, संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली असावीत आणि निबंध कधी आला, कधी स्वीकारला या तारखांमध्ये माणसाला वाचायला लागेल इतका तरी वेळ गेलेला असावा. मी या तारखा आधी बघते.

आकृतीपासून सुरुवात

गोषवारा एकदा वाचायचा, तोही विषय कळण्यापुरता. मग थेट आकृत्यांवर जायचं. गोषवाऱ्यात लेखक तुम्हाला पटवत असतात. आकृतीत त्यांना काय मिळालं ते दाखवणं भाग असतं. मी निबंध कागदावर छापून घेते, आकृतीच्या दोन्ही अक्षांवर पेन्सिलीने गोल करते आणि उभ्या अक्षावर काय आहे, आडव्यावर काय आहे, एकक कुठलं, हे शेजारी मराठीत लिहिते. हे लिहून होत नाही तोवर पुढचं पान उलटायचं नाही.

एक उदाहरण नीट बघू. फेब्रुवारी २०१६ मध्ये लायगो या अमेरिकेतल्या प्रयोगाचा गुरुत्वलहरींचा, म्हणजे अवकाशच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींचा, निबंध आला. एक हजाराहून जास्त लेखक, त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलेही. पहिलीच आकृती उघडा. डावीकडे हॅनफर्डचा शोधक (लहर टिपणारं यंत्र), उजवीकडे लिव्हिंगस्टनचा. अमेरिकेची दोन टोकं. आडव्या अक्षावर वेळ, सेकंदात. मुख्य संकेत सगळा मिळून ०.२ सेकंदाचा. उभ्या अक्षावर ‘स्ट्रेन’, आणि एकक १० चा उणे २१ वा घात. स्ट्रेन म्हणजे लांबीतला फरक भागिले मूळ लांबी. शोधकाची भुजा ४ किलोमीटरची आहे, तेव्हा गुणून बघा: बदल ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात, इतके मीटर. प्रोटॉनच्या रुंदीचा साधारण चारशेवा भाग. हा आकडा स्वतः काढला की निबंधाच्या पुढच्या पानांवर आरसे कसे टांगलेत, जमिनीची थरथर कशी अडवली, याचंच एवढं पुराण का लावलंय ते आपोआप कळतं.

आता आकृतीखालची बारीक अक्षरं. लिव्हिंगस्टनच्या चित्रात हॅनफर्डची रेषाही वरून काढली आहे, आणि दोन्ही एकमेकींवर छान बसतात. खाली लिहिलंय की हॅनफर्डची रेषा ६.९ मिलिसेकंद सरकवून आणि उलटी करून ठेवली आहे. वाचणारा इथे दचकायला हवा. सरकवली? उलटी केली? मग बसणारच की! पण कारणही तिथेच दिलंय. दोन शोधक जमिनीवर वेगवेगळ्या दिशांनी मांडलेले आहेत, म्हणून एकाचा चढ तो दुसऱ्याचा उतार. राहिले ६.९ मिलिसेकंद. दोन ठिकाणांमध्ये सुमारे ३,००० किलोमीटर अंतर, प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला जास्तीत जास्त १० मिलिसेकंद लागतील. तिरकी आली तर त्याहून कमी. ६.९ त्यात बसतं. तिथे १४ असतं तर सगळा निबंधच कोसळला असता. ही पडताळणी सातवीच्या गणिताची आहे आणि तिला सापेक्षतावाद लागत नाही.

त्याच आकृतीत तिसरी ओळ आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही. मिळालेल्या संकेतातून सिद्धांताने सांगितलेला संकेत वजा केल्यावर काय उरलं, ती ओळ. उरलाय तो नुसता खरखराट. त्यात कुठे लाट दिसत नाही. कुठल्याही विषयातला निबंध असो, ‘वजा करून काय उरलं’ हे दाखवणाऱ्या लेखकांबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं. (हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे. ते सुरू झाल्यावर ही आकृती तिथल्या शाळांनी भिंतीवर लावायला हरकत नाही.)

काय मोजलं, ते एका वाक्यात

आकृत्या झाल्या की पद्धतीचा भाग. सगळे तो वगळतात, आणि खरा निबंध तिथेच असतो. तो वाचून मी फुलस्केप वहीत एकच वाक्य लिहिते. ‘काय सिद्ध झालं’ असं नाही, ‘काय मोजलं’ असं.

लोणारचं घ्या. उल्केच्या आघाताने झालेलं हे विवर किती जुनं? बऱ्याच माहितीपत्रकांत अजूनही सुमारे ५२ हजार वर्षं हा आकडा दिसतो. तो आला १९९० च्या दशकातल्या तापदीप्तीच्या मोजमापातून: ५२ हजार, अधिक-उणे ६ हजार. मग २०११ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय छापून आलं: ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. दहापटीहून जास्त तफावत! आता माझं वाक्य कसं होईल बघा. पहिल्या निबंधासाठी: ‘आघाताने झालेल्या काचेत शेवटच्या तापण्यानंतर साठलेली ऊर्जा मोजली.’ दुसऱ्यासाठी: ‘आघाताने वितळून थिजलेल्या खडकात पोटॅशियमपासून झालेला आर्गॉन मोजला.’ दोन्ही वाक्यांत ‘वय’ हा शब्दच नाही. वय कुणी मोजत नाही. ते मोजलेल्या गोष्टीवरून काढलेलं असतं, आणि काढताना काही गोष्टी धरून चालावं लागतं.

त्या धरून चाललेल्या गोष्टी शोधायच्या. तापदीप्तीत असं धरतात की साठलेली ऊर्जा गळत नाही आणि काच मध्येच पुन्हा तापली नाही. यांतलं काही चुकलं तर वय कमी भरतं. आर्गॉनमध्ये असं धरतात की खडक वितळला तेव्हा जुना आर्गॉन सगळा निघून गेला. आपला दख्खनचा बसाल्ट तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा; त्यातला थोडा आर्गॉन जरी मागे राहिला तरी वय फुगतं. म्हणून लोणारच्या आर्गॉनच्या निबंधात पहिली शोधायची गोष्ट ही, की जुन्या आर्गॉनचा बंदोबस्त लेखकांनी कसा केला. आज भूशास्त्रज्ञांचा कल मोठ्या आकड्याकडे आहे.

आणि तो अधिक-उणे नीट समजून घ्या. पहिल्या आकड्याची मर्यादा ४६ ते ५८ हजार, दुसऱ्याची ५ लाख २३ हजार ते ६ लाख १७ हजार. दोन्ही आटोपशीर दिसतात आणि दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही. अधिक-उणे एवढंच सांगतं की याच घड्याळात पुन्हा पाहिलं तर काटा कितपत हलेल. घड्याळच मागे पडत असेल तर ते त्याला कळायचा मार्ग नाही. परक्या विषयाचा निबंध वाचताना माझा सगळ्यात जास्त वेळ याच शोधात जातो: घड्याळ कुठलं, आणि ते दुसऱ्या कुठल्या घड्याळाशी लावून पाहिलंय का.

कशाशी ताडलं

नुसता आकडा मुका असतो. २००४ साली ‘नेचर’मध्ये पाकिस्तानातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवरचा निबंध आला. गिधाडं उपखंडभर झपाट्याने संपत होती. भरतपूरची घसरण बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) विभू प्रकाश यांनी आधीच नोंदवली होती. मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर. अशा २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध शोधलं, तर २५ पैकी २५ मध्ये मिळालं. हा अर्धा निकाल. उरलेला अर्धा: दुसऱ्या कारणांनी मेलेली, तो थर नसलेली १३ गिधाडंही तपासली, आणि १३ पैकी एकातही औषध नव्हतं.

ही १३ गिधाडं नसती तर निबंधात काही दम नव्हता. कारण गुरांना सर्रास दिलं जाणारं औषध सगळ्याच गिधाडांत सापडलं असतं, तर त्यावरून काहीच ठरलं नसतं. लेखक तिथेही थांबले नाहीत. पुन्हा रानात सोडता न येणाऱ्या पाळीव गिधाडांना औषध थेट दिलं, औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलं, आणि तोच आजार त्यांच्यात उमटला. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली.

लोक मला विचारतात, नमुना किती मोठा असला की विश्वास ठेवायचा? याला सरसकट उत्तर नाही. ३८ पक्षी म्हणजे कागदावर किरकोळ संख्या, पण २५–० आणि ०–१३ अशी फाळणी झाली तर तेवढीही पुरते. फरक बारीक असेल तर हजारही कमी पडतात. आधी फरक किती मोठा ते पाहा, मग संख्या.

अभियांत्रिकीतही हेच. रोमन काँक्रीट स्वतःच्या भेगा बुजवतं ही २०२३ ची बातमी आठवत असेल. निबंध ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मधला, नमुने रोमजवळच्या प्रिव्हर्नमचे. भेगांची चाचणी मात्र प्रयोगशाळेत रोमन पद्धतीने, कळीचा चुना वापरून, नव्याने बनवलेल्या काँक्रीटवर झाली. भेग पाडली, तिच्यातून पाणी वाहू दिलं, दोन आठवड्यांत भेग बुजून पाणी थांबलं. शेजारी कळीचा चुना न घातलेला तसाच ठोकळा होता. त्याची भेग बुजली नाही. तो दुसरा ठोकळा आहे म्हणून मी निबंध मानते. ‘दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीची भेग बुजताना पाहिली’ असं मात्र कुणीही म्हटलेलं नाही, आणि बातम्यांमध्ये नेमकं तेच आलं.

घरच्या अंगणातली गोष्ट म्हणजे आपल्याकडचे सिमेंटचे असंख्य निबंध. वाळूऐवजी अमुक राख, तमुक भुकटी घातली आणि ‘मजबुती ६ टक्क्यांनी वाढली’. लगेच तक्ता उघडायचा. १५० मिलिमीटरचे घन, २८ दिवस पाण्यात, प्रत्येक मिश्रणाचे तीन घन, त्यांची सरासरी. पण आपली मानकं तीन घनांच्या आकड्यांत सरासरीच्या १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतात. एकाच मिश्रणाचे घन आपापसांत एवढे फरकाने फुटत असतील, तर दोन मिश्रणांमधल्या ६ टक्क्यांचं कौतुक कशाला? तिन्ही घनांचे वेगवेगळे आकडे छापलेत का ते पाहा. नुसती सरासरी असेल तर मी त्या निबंधावर लिहीत नाही.

बॅटरीच्या निबंधात ‘प्रति ग्रॅम’ दिसलं की कशाचे ग्रॅम ते शोधा. बहुतेक वेळा ते फक्त इलेक्ट्रोडमधल्या क्रियाशील पदार्थाचे असतात. धातूची पत्री, द्रव, डबी हे वजन हिशेबातच नसतं. सौरघटाच्या कार्यक्षमतेत तसंच क्षेत्रफळ बघायचं. नखाएवढ्या तुकड्यावर मिळालेला विक्रम छपरावरच्या पॅनेलला लागू होत नाही.

फारच भारी निकाल आला तर

लेखक स्वतःच्या निकालाशी कसे वागतात ते पाहा. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने प्रीप्रिंट टाकलं: जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंतच्या ७३० किलोमीटरच्या वाटेवर न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचले. सांख्यिकीच्या भाषेत सहा सिग्मा, म्हणजे योगायोगाने असं घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण निबंधाचा शेवट वाचा. अजून न सापडलेली एखादी त्रुटी असू शकते, आम्ही शोधत राहू, आणि या निकालाचा सैद्धांतिक अर्थ आम्ही मुद्दामच लावत नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. पुढे त्यांनाच ती सापडली: प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. पुन्हा लोणारचंच दुखणं. सिग्मा योगायोग मोजतो, सैल वायर मोजत नाही.

याच्या शेजारी जुलै २०२३ चा एलके-९९ हा पदार्थ ठेवा. कोरियातल्या गटाचं प्रीप्रिंट. शीर्षकातच खोलीच्या तापमानाला चालणारा पहिला अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ), आणि शेवटी हा शोध मानवजातीसाठी नवं युग उघडेल असा विश्वास. युग वगैरे शब्द निकालाच्या निबंधात आले की मी पेन्सिल खाली ठेवते आणि थांबते. तिथे गोष्ट सोडवली ती एका तापमानाने. रोध एकदम घसरतो ते तापमान लेखकांनी १०४.८ अंश सेल्सिअस असं अगदी नेमकं दिलं होतं. इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना तो आकडा ओळखीचा होता: कॉपर सल्फाइड त्याच सुमाराला आपली रचना बदलतं. ते नमुन्यात मळ म्हणून होतं. पुढे जर्मनीत शुद्ध स्फटिक बनवले, तर ते अतिवाहक सोडाच, विद्युतरोधक निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही पदार्थ बनवून पाहिला होता. अतिवाहकता मिळाली नव्हती.

म्हणून असा निकाल आला की दोन-तीन आठवडे थांबायला माझी हरकत नसते. संपादकांची असते, तो भाग वेगळा.

छापलेला निबंधही कायमचा नसतो. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढतो, असा निबंध २०१० मध्ये ‘सायन्स’ने प्रसिद्ध केला, इतर प्रयोगशाळांना तसं काही आढळलं नाही, वाद चालत राहिला, आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. लेखकांचा त्याला विरोध होता. जुना निबंध वापरण्याआधी त्याच्या पानावर ‘चेक फॉर अपडेट्स’चं बटण असतं ते दाबा, आणि रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत नाव घालून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही एखादी गोष्ट अडली तर लेखकाला मेल टाका. पहिल्या पानावर ज्याच्या नावाला लिफाफ्याचं चिन्ह असतं, तो पत्रव्यवहाराचा लेखक. ‘सर, तुमच्या संशोधनाबद्दल सांगाल का’ असं मोघम लिहू नका. उत्तर येणार नाही. ‘तक्ता २ मधल्या तिसऱ्या ओळीत नमुने १२ आहेत आणि आकृती ४ मध्ये ९ ठिपके दिसतात, उरलेले ३ कुठे गेले?’ असं लिहा. अशा प्रश्नाला परदेशातले लोकही एक-दोन दिवसांत उत्तर देतात, आणि कधीकधी सोबत निबंधात न मावलेली आकृतीही पाठवतात.